पालिकेनं मोजलेली चूल

आमच्या दारावर पालिकेचा लाल आकडा पडला तेव्हा मी भात शिजवत होते. त्या घरात, त्या दिवशी, माझी शेगडी सोडली तर एकच चूल पेटलेली होती, आणि पुढचं सगळं रामायण त्यातूनच झालं. पण ते कळायला आधी घर कळायला हवं.

मी भंडाऱ्याकडची, तुमसरच्या पुढे आमचं गाव. सहावी अर्ध्यावर असताना वडील गेले आणि शाळा सुटली. नंतर आईनं लग्न करून दिलं. आमचे हे जळगावला एका डाळ मिलमध्ये फिटर होते. गाडीत बसले तेव्हा मला वाटलं होतं, एकच तर रेल्वेची लाइन आहे, जीव घाबरला की उलट्या गाडीत बसायचं. पण नागपूर मागं पडलं, अकोला मागं पडलं, शेतातला धान कधीच संपला आणि काळ्या मातीवर कपाशीच कपाशी दिसू लागली, तेव्हा मी मागं पडलेली स्टेशनं बोटांवर मोजायचं सोडून दिलं. भुसावळला डब्यात एक बाई चढली आणि माझ्याशी काहीतरी बोलली. मला एक शब्द कळला नाही. मी नुसती हसले. पुढं वर्षभर मी जळगावात तेच केलं. न कळलं की हसायचं.

आमची वस्ती डाळ मिलांच्या मागं, नाल्याच्या काठाला. आज तिथं रुंद रस्ता आहे आणि माझ्या नातवंडांना मी सांगते की इथं एक म्हैस अडकली की अख्ख्या गल्लीची वाट बंद व्हायची, तर त्यांना ते गमतीचं वाटतं. तेव्हा गंमत नव्हती. मातीच्या भिंती, वर पत्रा, मधून वाहणारं गटार. मिलमध्ये तूर भिजवली की तिचा आंबूस वास घरात यायचा आणि टरफलांचा पिवळा भुसा अंथरुणावर, पाण्यावर, केसांत. दिवसभर मोठ्या चाळण्यांचा खडखडाट. तो थांबला की कान दुखल्यासारखे व्हायचे. पावसाळ्यात नाला फुगला की लहान मुलांना जुलाब ठरलेले. पालिकेनं वस्ती उठवून नीट आखणी करायची, गटारं बांधायची आणि लोकांना पिंप्राळ्याच्या बाजूला प्लॉट द्यायचे ठरवलं, त्यात चुकीचं काही नव्हतं. लोक घाबरले होते ते त्या ठरवण्याला नाही. आपण मोजले जाऊ की नाही, याला.

आम्ही राहत होतो ते घर दोन भावांचं. मोठे आबा, बाजारात धान्य मोजणारे मापाडी. त्यांची बायको अक्का. धाकटे नाना, हातगाडीवर पोती ओढणारे. त्यांची बायको मंजुळाकाकू आणि पाच पोरं. मूळची माणसं अमळनेरकडची, घरात बोलणं सगळं अहिराणीत. भाऊ कधीचे वेगळे झाले होते. का, ते मला कुणी सांगितलं नाही. कुणी म्हणायचं पाट्यावरून, कुणी म्हणायचं पाट्यावर वाटलेल्या चटणीवरून. घराच्या मधोमध डालड्याच्या डब्यांचे पत्रे ठोकून आडोसा केला होता. पत्र्याच्या इकडं अक्कांची चूल, तिकडं मंजुळाकाकूंची. आणि आडोसा संपतो तिथं, मागच्या अंगाला, नानांची एक खोली. ती भाड्यानं आमची. दोन्ही घरांची दारं माझ्या उंबऱ्याशी येऊन थांबायची.

जावा एकमेकींशी बोलत नसत. म्हणजे सरळ बोलत नसत. पत्र्याशी बोलत. अक्का भाकरी थापू लागल्या की पलीकडून काकू मुलांना म्हणायच्या, "पाहा रे, कोन दार ठोकी ऱ्हायनं." काकूंनी मिरचीची फोडणी दिली की अक्कांना खोकला यायचा, तो फोडणी संपेपर्यंत टिकायचा. मला सुरुवातीला फार भीती वाटे. वाटे, आज काहीतरी होणार, उद्या आपल्याला बाहेर काढणार. नंतर कळलं की हेच त्यांचं बोलणं. कोथिंबीर हवी असली की अक्का माझ्याकडे येऊन म्हणायच्या, "सुमन, तुनाकडे कोथमीर शे का?" माझ्याकडे नसणार हे त्यांना माहीत असायचं. मी काकूंकडून आणून द्यायची. काकूंना माहीत असायचं कुणासाठी. त्या मूठभर जास्तच द्यायच्या.

त्या दोघींनी मला जगवलं हे मी आजही विसरत नाही. मी भातखाऊ. कळण्याची भाकरी म्हणजे ज्वारी-उडदाची, काळपट, पहिल्या दिवशी ती माझ्या घशाखाली उतरेना. अक्कांनी वर तेल ओतलं, शेंगदाण्याचा ठेचा दिला, शेजारी बसून राहिल्या आणि म्हणाल्या, "खाय. रडीसन खाय, पन खाय." मी रडून खाल्ली. हिवाळ्यात काकू कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या पेटवून त्यात मोठी हिरवी वांगी भाजायच्या. त्या भरताच्या वासानं मला पहिल्यांदा वाटलं की या गावात राहता येईल. उलट माझा भात हा त्यांच्या पोरांचा खेळ झाला. शेगडीवर पातेलं चढलं की पाचही पोरं वाटी घेऊन उंबऱ्यात. काकू ओरडायच्या, "ह्या पोरेसले भाकर आते कडू लागस!"

वर्षातून एकदा मात्र पत्र्याचा आडोसा असून नसल्यासारखा व्हायचा. श्रावणात कानबाई यायची. नारळाला डोळे, नथ, ओढणी लावून देवी चौरंगावर बसवायची, रात्रभर गाणी, आणि भाऊबंद सगळे एकत्र. मुख्य गोष्ट म्हणजे रोट. घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावानं गहू घ्यायचा, त्याचं रांधायचं एकाच चुलीवर, आणि भाऊबंदांनीच तो संपवायचा. तो संपेपर्यंत त्या घरात दुसरी चूल पेटत नसे. वर्षभर न बोलणाऱ्या दोघी जावा त्या दिवसांत शेजारी बसून पुरण वाटायच्या. एक सांगायची, दुसरी ऐकायची. आणि एक कडक नेम होता, कुणी बोलून न दाखवलेला पण सगळ्यांनी पाळलेला: कानबाई घरात असताना आणि रोट उरलेला असताना 'आम्ही वेगळे' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. देवी ऐकते. ऐकलं तर घर खरंच फुटतं.

मी परकी. परक्याला रोट चालत नाही. म्हणून त्या दिवसांत मी आपली माझ्या शेगडीवर माझं रांधत होते.

सोमवारी कानबाईला वाजतगाजत निरोप दिला आणि मंगळवारी पालिकेचा ओव्हरसियर आला. पँटीला सायकलचे चिमटे लावलेला, हातात कागदांची फळी, मागं एक माणूस लाल रंगाचा डबा घेऊन. त्यांचा हिशोब सोपा होता: घरात चुली किती, तितकी कुटुंबं, तितके प्लॉट. त्यानं अक्कांची चूल पाहिली. धगधगत होती. मंजुळाकाकूंची पाहिली. सारवलेली, थंडगार, वर पोरांचे ओले कपडे वाळत टाकलेले.

"ही चूल पेटत नाही का?" त्यानं विचारलं.

नाना पुढं झाले. अंगावर सणाचं धोतर, कपाळावर कुंकू. "आज कशी पेटी, साहेब? आम्हना रोट शे."

"ते असो. तुम्ही दोघं भाऊ वेगळे राहता की एकत्र?"

नानांनी आबांकडे पाहिलं. आबांनी छताकडे. मग नाना छाती काढून म्हणाले, "वेगळं कोन शे? आम्हीन बठ्ठा एकच शेतस."

"नक्की?"

"देवीनी आन!" आबा म्हणाले.

ओव्हरसियरनं लिहून घेतलं. मग तो मागं आला आणि माझ्या शेगडीपाशी थांबला. भात रटरटत होता. "आणि ही?"

मी हसले. अक्का माझ्या मदतीला धावल्या. "ती वेगळी शे, साहेब. तिले आम्हना रोट चालस नही, म्हनीसन तिनं तिनं रांधस."

"वेगळी," ओव्हरसियर म्हणाला. त्यानं ह्यांचं नाव विचारलं, ते नानांच्या पोरानं सांगितलं, आणि रंगवाल्यानं दारावर आकडा काढला. त्याच्या खाली दोन उभ्या रेघा मारल्या. दोन चुली. सगळ्यांना बरोबरच वाटलं. घरात दोनच तर चुली होत्या, अक्कांची आणि काकूंची. माझी शेगडी कुणाच्या मोजण्यात नव्हतीच.

मधे बरेच दिवस गेले. ह्यांना मिलच्या मालकानं धुळ्याला पाठवलं, तिथं नवी मशीनं बसवायची होती. मी एकटी. मग एका सकाळी पालिकेचा शिपाई चौकातल्या हौदावर उभा राहून नावं वाचू लागला. आबांचं नाव आलं. अक्कांनी हात जोडले. आणि त्याच घराच्या आकड्यावर दुसरं नाव आलं ते ह्यांचं. शिपाई पुढच्या घरावर गेला. नाना आपलं नाव येईल म्हणून गल्ली संपेपर्यंत उभे राहिले. आलं नाही.

मग मंजुळाकाकू कमरेवर मूल घेऊन माझ्यासमोर आल्या, आणि पत्र्याआडून नाही, सरळ माझ्या तोंडावर म्हणाल्या, "भात रांधी रांधी घर लई गई वं माय!"

बायका हसल्या. एक म्हणाली, "मांजर मुकी नही व्हती, दहीवर डोळा ठेईसन बसनी व्हती." मी घरात आले, दार लावलं. मला प्लॉटचा आनंद औषधालाही झाला नाही. कुणाला खरं वाटत नाही, पण नाही झाला. मला एवढंच दिसत होतं की या गावात मला ओळखणारी घरं दोन, आणि त्यातलं एक माझ्यामुळं उघड्यावर आलं. पाच पोरं उंबऱ्यात यायची थांबली. भात उरू लागला. कोथिंबिरीची ये-जा बंद. ह्यांना काय वाटेल तेही कळेना. एवढ्या दूर आलेल्या फिटरला आयती जागा मिळते आहे, ते सोड म्हणाले तर ठीक, पण धर म्हणाले तर? नाना आम्हाला खोलीतून काढतील, प्लॉटवर घर बांधायला आमच्याकडे काही नाही, आणि माहेरी कोणतं तोंड घेऊन जायचं. मी पेटीत लुगडी भरून ठेवली होती. रोज संध्याकाळी नागपूरच्या बाजूला जाणाऱ्या गाडीची शिटी ऐकायची आणि पेटीकडे पाहायची.

अक्काच एकदा आत आल्या. पेटी पाहिली. पदरातून दोन भाकरी काढून ठेवल्या आणि म्हणाल्या, "पालिकामा हरकत ऐकतस म्हने. आम्हीन जाई ऱ्हायनूत. तू बी चाल."

"मी काय बोलू, अक्का?"

"ते माले काय माहीत? तुनं नाव शे कागदवर. मनं थोडंच शे?"

पालिकेच्या कचेरीत लांब बाकावर आम्ही बसलो. आबा एका टोकाला, नाना दुसऱ्या टोकाला, मधे मी आणि अक्का. काकू पोराला घेऊन बाहेर लिंबाखाली. साहेब पुण्याकडचे असावेत, बोलणं तसं होतं. जाडसर, शांत, पंख्याखालीही घाम पुसणारे.

"हरकत काय?" त्यांनी विचारलं.

नाना उभे राहिले. "साहेब, मना प्लॉट ऱ्हाई गया."

"तुम्ही भावासोबत एकत्र आहात असं तुम्हीच सांगितलंय. इथं आहे. एकत्र कुटुंबाला एक प्लॉट."

"ते रोट व्हता म्हनीसन सांगं, साहेब."

"म्हणजे खोटं सांगितलं?"

"खोटं कसं? कानबाईना दिवस खोटं कोन बोली?"

साहेबांनी घाम पुसला. "मग खरं काय? वेगळे राहता की एकत्र? सरळ सांगा. वेगळे असाल तर वेगळा प्लॉट."

झालं. एक शब्द बोलायचा होता. नाना आबांकडे पाहू लागले. त्यांच्या तोंडून तो शब्द फुटेना. इतकी वर्षं पत्र्याच्या पलीकडे राहिलेला माणूस, पण भावासमोर, परक्यांच्या कचेरीत, मी याच्यापासून वेगळा, असं म्हणायला त्याची जीभ वळेना. साहेबांनी आबांना विचारलं. आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मना भाऊ शे तो. वेगळा शे असं मी कसं म्हनू?"

"पण तसं म्हटलं नाही तर मी त्यांना प्लॉट देऊ शकत नाही."

"देऊ नका," नाना म्हणाले. आवाज फाटला होता त्यांचा. "पन भाऊना तोंडमाइन ते वदाडू नका."

साहेब कागद बाजूला सारू लागले. मला कळलं की हा कागद आता बंद होणार आणि काकू पाच पोरं घेऊन त्या लिंबाखालीच राहणार. मी कधी उठले ते मला आठवत नाही. फक्त आठवतं की माझा आवाज मला फार मोठा वाटला.

"हे वेगळे आहेत, साहेब. मी रोज ऐकते."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मग थांबता येईना. अक्कांची चूल आधी पेटते, नाना हातगाडी घेऊन गेले की काकूंची, हे सांगितलं. अक्का भाकरी थापतात तेव्हा काकू काय म्हणतात ते सांगितलं. फोडणीचा खोकला सांगितला. मधले पत्रे डालड्याच्या डब्यांचे आहेत, डब्यांवरची ती ताडाची झाडं अजून दिसतात, हे सांगितलं. कोथिंबीर एका घरातून दुसऱ्या घरात जायला माझ्या खोलीतून जाते, हे सांगितलं तेव्हा कारकून तोंडावर हात ठेवून हसू लागला. अक्का जमिनीकडे पाहत होत्या, पण त्यांचे खांदे हलत होते. साहेब म्हणाले, "म्हणजे तुम्ही सरहद्दीवर राहता."

"हो, साहेब."

"आणि तुमची चूल? तीही वेगळीच ना?"

"शेगडी माझी आहे. खोली नानांची. आम्ही भाडेकरू."

साहेबांनी लेखणी उचलली. "भाडेकरूंसाठी या योजनेत काही नाही, बाई. तुमच्या यजमानांचं नाव काढावं लागेल. ते कुठं आहेत? त्यांना विचारायचं आहे का?"

"धुळ्याला आहेत," मी म्हणाले. "काढा नाव."

तेव्हा आबा उठले. टोपी परत डोक्यावर चढवली आणि नानांकडे न पाहता म्हणाले, "पोर सांगस ते खरं शे, साहेब. आम्हीन वेगळा शेतस." आणि बसले. नानांनी डोळ्यांना उपरणं लावलं. साहेबांनी चष्मा पुसला, एक ओळ खोडली, एक लिहिली, आणि कारकुनाला पुढचं घर बोलवायला सांगितलं. एवढ्यानं झालं. ज्यासाठी मी इतके दिवस झोपले नव्हते ते एका खोडाखोडीत संपलं.

या वयात मला कळतं की ते साहेब भले होते. उठून चौकशीला माणूस पाठवतो म्हणाले असते तर दोन वर्षं गेली असती. त्यांनी एका घाबरलेल्या पोरीचं ऐकून घेतलं. त्यांचं नावही मला माहीत नाही. आभार मानायचे राहूनच गेले, ते इथं मानते.

बाहेर आलो. मंजुळाकाकू उठून उभ्या राहिल्या. "काय व्हयनं?"

"व्हई गयं," नाना म्हणाले. अक्का काकूंपाशी गेल्या आणि मी काय काय बोलले ते सगळं, खोकल्यासकट, सांगू लागल्या. मधे पत्रा नव्हता, याचं भान दोघींनाही नव्हतं. मी मात्र मागंच, लिंबाच्या बुंध्याशी थांबले. घरातलं भांडण मी चारचौघांत मांडलं होतं, आणि प्लॉटही घालवला होता.

काकू माझ्यासमोर आल्या. "आते तू कोठे जाशी वं?"

"माहीत नाही," मी म्हणाले.

"माहीत नही म्हने!" काकू अक्कांकडे वळल्या. "पाहा इले. साहेबसमोर पोपटसारखी बोलनी, आनि आते माहीत नही!" मग माझ्याकडे पाहून, रागावल्यासारखंच, "नवा घरमा मांगनी खोली तुनी. पन धूर मनाकडे धाडजो नको, सांगी ठेवस."

मी रस्त्यावरच रडू लागले. नाना म्हणाले, "राहू दे, राहू दे, लोके पाही ऱ्हायनात," आणि लोक पाहत होते ते त्यांच्याकडेच, कारण तेही रडत होते.

आता राहिले होते ते आमचे हे. शनिवारी एसटीनं धुळ्याहून यायचे होते. त्यांना कसं सांगायचं याची जुळणी मी दिवसभर करत होते. पाणी द्यायचं, जेवू घालायचं, मग बोलायचं. त्याची गरजच पडली नाही. गल्लीच्या तोंडाशीच काकूंनी त्यांना गाठलं आणि मला घरात बसून सगळं ऐकू आलं. अर्धी गल्ली ऐकत होती. ह्यांचं एक अक्षरही ऐकू येईना.

मग हे आत आले. पिशवी ठेवली, हातपाय धुतले, अंथरुणावरचा भुसा झटकला आणि बसले. मी पदराचं टोक पिळत उभी.

"मागच्या खोलीला खिडकी एक ठेवायची का दोन, असं काकू विचारतायत," हे म्हणाले. "नाना उद्या आखणीला जाणार आहेत. तू सांग. घरात बसणारी तू."

त्या गावात आल्यापासून मी मिळेल ते घेत आले होते. मागितलं काहीच नव्हतं.

"दोन," मी म्हणाले.